शुभदा लिहिलेलं खोकं

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आमच्या घराची मागची खोली माझी आहे. तिथे जमिनीपासून छतापर्यंत जुने संगणक रचलेले आहेत आणि त्यातला एकही धड चालत नाही. कुणाचा पडदा चांगला आहे तर आतली सर्किटची पाटी जळालेली आहे. कुणाची पाटी उत्तम आहे, पण तिला लागणारी फ्लॉपीची चकती आता या शहरात कुणाकडे मिळत नाही. माझे यजमान रेल्वेतून निवृत्त झाले. ते या खोलीला यार्ड म्हणतात. गाड्या उभ्या आहेत, सुटायचं नाव नाही. घरी पाहुणे आले की ते मोठ्या हौसेने खोली उघडून दाखवतात आणि म्हणतात, "हिचं सगळं चालू आहे." चालू म्हणजे यंत्रं नव्हेत, काम.

मी आयुष्यभर संगणक दुरुस्त केले. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेतला तेव्हा जबलपुरात संगणक असे नव्हतेच. थोड्याच वर्षांत ते आले, कारखान्यांत, बँकांत, मोठ्या व्यापाऱ्यांकडे, आणि त्यांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीने मला नोकरीवर घेतलं. स्कूटरवर पायाशी हत्यारांची पेटी ठेवून मी गावभर फिरायचे. कुठेही पोचले की लोक माझ्या मागे बघायचे आणि विचारायचे, "इंजीनियर साहब कहाँ हैं?" मी पेटी खाली ठेवायची आणि स्क्रू काढायला लागायची. त्या काळी संगणकाच्या खोलीत चपला काढून जावं लागे. घरच्या देव्हाऱ्यापुढे मी जितका वेळ अनवाणी उभी राहिले नसेन, तितका त्या वातानुकूलित खोल्यांमध्ये राहिले.

बाहेरच्या माणसाला वाटतं की या कामात फार मोठी विद्या लागते. विद्या लागते, पण त्याहून जास्त धीर लागतो. यंत्र बंद पडलं की त्याचे मनातल्या मनात दोन भाग करायचे आणि कुठला भाग ठीक आहे ते आधी सिद्ध करायचं. उरलेल्या भागाचे पुन्हा दोन. असं करत करत शेवटी बोटाच्या नखाएवढ्या जागेवर येऊन थांबायचं. मधे लोक येऊन काय काय सांगतात, ते ऐकून घ्यायचं आणि बाजूला ठेवायचं. एका कापडाच्या व्यापाऱ्याचा कीबोर्ड दर दिवाळीनंतर अडकायचा. उघडला की आत हळद, कुंकू, अक्षता. लक्ष्मीपूजनाला तो यंत्रालाही टिळा लावायचा. मी त्याला प्लॅस्टिकचं आवरण दिलं आणि टिळा त्याच्यावर लावायला सांगितलं, तर तो दुखावल्यासारखा होऊन म्हणाला, "लक्ष्मीजी को पन्नी पहनाएँ?" पुढे नवा संगणक घेतला तेव्हा जुना त्याने भंगारात न देता माझ्याकडे पाठवला. माझ्या संग्रहातलं ते पहिलं यंत्र. कळांखाली अजून थोडं कुंकू आहे. मी ते मुद्दाम राहू दिलंय.

मग ओढच लागली. टाकून दिलेलं यंत्र दिसलं की मला ते उघडून बघावंसं वाटे, आणि उघडलं की दुरुस्त करावंसं वाटे. नोकरी होती तोवर वेळ नव्हता, निवृत्त झाले तेव्हा यंत्रं इतकी झाली होती की एक हातात घेतलं की दुसरं हाक मारी. एखाद्या सुट्या भागाची वाट बघत यंत्र वर्षभर पडून राहायचं, तोवर मी चौथ्यात डोकं घातलेलं असायचं. संग्रह करणाऱ्या सगळ्यांचंच असं होतं. त्याचं मला थोडं वाईट वाटतं, फार नाही. पण ज्या एका यंत्राबद्दल मी आज लिहायला बसले आहे, त्याचा मला अभिमान आहे, आणि तेही अपुरंच आहे.

शहरातल्याच घमापुरात रज्जू भैया नावाचे एक कबाडी आहेत. भंगारात हिरवी पाटी असलेली काहीही वस्तू आली की ते तोडण्याआधी मला फोन करतात. एकदा त्यांनी बोलावलं म्हणून गेले, तर गच्चीवर उन्हात ॲल्युमिनियमचं एक खोकं पडलं होतं. हार्मोनियमच्या पेटीएवढं, हाताने बनवलेलं, वरच्या बाजूला मोठाल्या गोल कळा. दारावरच्या घंटीच्या असतात तसल्या, पण तीन ओळींमध्ये. कळांवर पूर्वी काहीतरी चिकटवलेलं असावं, आता नुसते गोंदाचे डाग होते. मागची झाकणपट्टी गेली होती आणि तिथून आतल्या एका कार्डाची कड दिसत होती. बाकी सगळे स्क्रू गंजून बसलेले. पुढच्या बाजूला निळ्या ऑइल पेंटने, सुंदर वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिला होता, शुभदा.

मी ते आणलं आणि मांडणीत ठेवलं. गंजलेल्या स्क्रूंना तेल लावलं, उद्या उघडू म्हटलं, आणि माझ्या खोलीतला उद्या कसा असतो ते वर सांगितलंच आहे.

पुढच्या वर्षी गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळाने सभासदांच्या छंदांचं प्रदर्शन भरवलं. कुणाच्या रांगोळ्या, कुणाची नाणी, माझे संगणक. प्रत्येकासमोर मी एक पुठ्ठ्याची पाटी ठेवली होती. खोक्यासमोरच्या पाटीवर मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं की हे यंत्र कुठल्याशा कारखान्यात चाचणीसाठी बनवलेलं असावं आणि 'शुभदा' हे त्या विभागाचं सांकेतिक नाव असावं.

दुपारी गर्दी ओसरली होती. चाकाच्या खुर्चीवर बसलेली एक बाई आणि तिची खुर्ची ढकलणारी मुलगी, अशा दोघी माझ्या टेबलासमोर आल्या. बाई पन्नाशीच्या आसपासची, केस नीट बांधलेले, मान आणि एक हात सतत हलत होता, तिच्या मर्जीने नाही. तिने पाटी वाचली. मग खोक्याकडे बघितलं, आणि तिचा दुसरा हात, जो तिचं ऐकतो तो, सावकाश पुढे आला आणि वरच्या कळांवर येऊन थांबला. तिच्या तोंडातून एक आवाज निघाला जो मला समजला नाही. तिने खुर्चीला लावलेल्या फोनवर एका बोटाने काहीतरी टाइप केलं. फोन त्याच्या त्या गुळगुळीत, बातम्या सांगणाऱ्या आवाजात बोलला.

"शुभदा मी आहे. हा माझा आवाज आहे."

मी ती पुठ्ठ्याची पाटी उचलून उलटी ठेवली. 

मग ती माझ्याकडे यायला लागली. राइट टाउनमध्येच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एका तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये ती राहते. सोबत ती मुलगी, सुनीता. एका कोचिंग क्लाससाठी शुभदा गणिताच्या प्रश्नपत्रिका काढते आणि मुलं त्या पेपरांना घाबरतात, हे तिने मला जरा मिरवतच सांगितलं. तिची हकीकत मला फोनच्या तोंडून तुकड्या-तुकड्याने कळली. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला, म्हणून हातपाय आणि जीभ ऐकत नाहीत. डोकं पहिल्यापासून लख्ख. पण बोलता येत नाही म्हटल्यावर लोकांनी डोकंही नसेल असं धरलं. कुठल्याही शाळेने घेतलं नाही.

तिचे वडील अण्णा देवपुजारी संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात उपकरणं दुरुस्त करत. परदेशातल्या एका नातेवाइकाकडून त्यांनी एक लहान घरगुती संगणक मागवला, टीव्हीला जोडून मुलं खेळत तसला, आणि त्याबरोबर बोलणारी एक चिप. ही चिप म्हणजे आवाजांचं दुकान. तिच्यात अख्खे शब्द नसतात, ध्वनींचे तुकडे असतात, प, ट, आ, ऊ असे. ते एकापुढे एक लावले की शब्द होतो. पण चिप इंग्रजीसाठी केलेली, त्यामुळे तिच्यात ना ळ, ना ण, ना भ. अण्णांनी त्या परक्या तुकड्यांमधून मराठी शब्द जुळवले, एकेका कळेला एकेक शब्द दिला, वर चित्रं चिकटवली. पाणी. भूक. दुखतं. नको. शुभदाला. खालच्या ओळीत आकडे.

ते खोकं सायकलच्या कॅरियरला बांधून आणि पोरीला पुढे बसवून ते एका शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे गेले. बाईंनी आधी नाहीच म्हटलं. अण्णांनी एवढंच सांगितलं की तिला एक गणित घाला. बाईंनी घातलं. शुभदाने दोन कळा दाबल्या आणि खोक्याने परदेशी माणसासारख्या उच्चारात उत्तर सांगितलं. बाईंनी आणखी एक घातलं, मग आणखी एक कठीण. त्याच आठवड्यात तिला वर्गात बसवलं.

हे ऐकल्यावर मी मांडणीतली बाकी सगळी यंत्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली. खोकं टेबलावर घेतलं.

स्क्रू शेवटी ड्रिल करून काढावे लागले. आत बघितलं आणि मी बराच वेळ नुसती बघत राहिले. अण्णांना मी कधी भेटले नाही, पण कथलाचा डाग देऊन केलेल्या जोडावरून माणूस कळतो. प्रत्येक जोड चमकदार, गोल, जेवढं कथील हवं तेवढंच. तारा दोऱ्याने बांधून कोपऱ्यांतून काटकोनात नेलेल्या. पोरगी धक्का देईल, पाडेल, हे धरून प्रत्येक पाटीखाली सायकलच्या ट्यूबचे रबरी तुकडे दिलेले. इतकं निगुतीने केलेलं काम मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांतही मी क्वचितच पाहिलं.

नुकसानही तेवढंच होतं. आतली बॅटरी पाझरून तिच्या क्षाराने तांब्याच्या रेघा खाल्ल्या होत्या. ते व्हिनेगरने धुतलं, स्पिरिटने पुसलं, आणि जिथे रेघ उरलीच नव्हती तिथे केसासारखी बारीक तार टाकली. फुगलेले कपॅसिटर बदलले. बोलणारी चिप शाबूत होती. दुखणं होतं ते मागच्या कार्डावर. अण्णांनी शब्द ज्या स्मृतीच्या चिपांमध्ये साठवले होते, त्यांना वर काचेची छोटी खिडकी असते. त्या खिडकीतून तीव्र प्रकाश आत सोडला की आतलं सगळं पुसलं जातं आणि नवं लिहिता येतं. म्हणून लिहून झालं की खिडकीवर पट्टी चिकटवतात. तीन चिपांपैकी एकीची पट्टी गळून पडली होती. मागचं झाकण नसल्याने शुभदाच्या जुन्या घरातल्या माळ्यावरच्या झरोक्याचं आणि रज्जू भैयांच्या गच्चीचं ऊन तिच्यात थेट गेलं होतं.

पहिली चिप सगळं यंत्र चालवणारी, ती वाचता आली. दुसरीत आकडे आणि थोडे शब्द होते, तेही आले. तिसरी मी पुन्हा पुन्हा वाचली. विजेचा दाब किंचित कमी केला की अशी विरलेली चिप कधीकधी थोडं सांगते. ही दर वेळी वेगळं सांगायची. मधेच एखादा तुकडा जागेवर यायचा आणि पुढे नुसता रिकामेपणा. वयामुळे विसराळू झालेलं माणूस वाक्याच्या मधे थांबतं, तसं.

तरी खोकं सुरू झालं. त्या दिवशी मी शुभदाला आधी सांगितलं नव्हतं. ती आली, सुनीताने खुर्ची टेबलाला लावली, आणि मी म्हटलं की एखादी कळ दाबून बघ. तिने खालच्या ओळीतली दाबली. "सात," खोकं म्हणालं, खरखरीत, नाकातून, सातमधला त जरा जास्तच कडक. शुभदाचे खांदे हलायला लागले. मला कळेना हसते आहे का रडते आहे. दोन्ही होतं. मग तिने एकामागून एक सगळे आकडे म्हणून घेतले, आणि "पाणी" आलं तेव्हा सुनीता खरंच पाणी आणायला उठली.

माझ्या मनात एक गोष्ट होती आणि ती लिहून टाकते. तोवर मी खोक्याकडे माझं म्हणून बघत होते. माझ्या संग्रहातलं सगळ्यात दुर्मीळ यंत्र, जगात दुसरं नसलेलं. त्या दिवसापासून तसं बघणं जमेना.

राहिली तिसरी चिप. मी शुभदाला सांगितलं की तुझे अर्धे शब्द उन्हाने खाल्ले. तिने फोनवर लिहिलं की तिला ते सगळे आठवतात, नुसते शब्द नाही, त्यांचा आवाजही. मग आम्ही कामाला लागलो. दुसऱ्या चिपेतल्या शब्दांवरून मला अण्णांच्या सवयी कळल्या होत्या. ळ नव्हता, तिथे ते ल दोनदा लावून मधे पुसटसा र घालत. भ साठी ब आणि ह. त्याच रीतीने मी एखादा शब्द जुळवायची, वाजवायची आणि तिच्याकडे बघायची. ती मान हलवायची. पुन्हा. "केळं" या एका शब्दात आमचे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी तो वाजला आणि तिने डोळे मिटून घेतले, तेव्हा समजलं की झालं.

दिवाळीच्या आधी तिचा भाऊ शेखर पुण्याहून आला. तो तिथे मोठ्या कंपनीत आहे. आईच्या पश्चात घमापुरातलं घर त्यानेच रिकामं करून विकलं होतं आणि खोकं भंगारात गेलं ते तेव्हाच. आल्याबरोबर तो खोक्याजवळ गेला, निळ्या अक्षरांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, मला खरंच वाटलं होतं की हे मेलेलं आहे." मी म्हटलं की तसं वाटण्यासारखीच त्याची अवस्था होती. 

शेखर योजना घेऊन आला होता. मोठ्या शहरातल्या एका विज्ञान संग्रहालयाशी तो बोलला होता. त्यांना खोकं हवं होतं. वेगळी काचपेटी, अण्णांचा फोटो, खाली माहिती, आणि दुरुस्ती करणारी म्हणून माझंही नाव. फक्त ते पूर्ण झालेलं हवं, अण्णांनी केलं होतं अगदी तसं, सगळे शब्द, कळांवरची चित्रं, नवं पॉलिश.

खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून गुदगुल्या झाल्या. आयुष्यभर लोकांनी माझ्या मागे इंजिनियर साहेब शोधले होते. काचेखाली माझं नाव आलं असतं. शिवाय शेखरचं म्हणणं माझ्या नियमाला धरून होतं. यंत्र जसं होतं तसं परत करायचं, आपलं काही घुसवायचं नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवत आले होते. मी शुभदाकडे बघून म्हटलं, "चांगलं होईल गं. अण्णांचं काम लोक बघतील."

तिने फोन पुढे ओढला. ती बराच वेळ टाइप करत होती. आम्ही दोघं थांबलो. स्वयंपाकघरात आमचे हे चहा करत होते, भांड्याचा आवाज तेवढा येत होता. मग फोन बोलला.

"अण्णांनी मला मागायचे शब्द दिले. शुभदाला पाणी. शुभदाला भूक. मी लहान होते, तेवढे पुरले. काचेच्या पेटीत ठेवायलाही तेवढे पुरतील. मला पुरत नाहीत. तिसरी चिप अजून बरीच रिकामी आहे, ती मला माझ्या नव्या शब्दांसाठी हवी आहे."

शेखर म्हणाला, "अगं, पण बोलायला फोन आहे ना तुझ्याकडे. काहून हट्ट करून राहिली? फोन तर सगळंच बोलतो."

तिने पुन्हा लिहिलं. या वेळी थोडंच.

"फोन सगळ्यांसाठी बोलतो. हे फक्त माझ्यासाठी बोलायचं. तू घर विकलंस तेव्हा मला विचारलं नाहीस, शेखर. आता विचार."

त्या गुळगुळीत आवाजात राग नव्हता, तो आवाज रागावूच शकत नाही. राग तिच्या चेहऱ्यावर होता.  मला वाटलं आता शेखर उठून जाईल. तो उठला नाही. त्याने खुर्ची तिच्या खुर्चीजवळ ओढली आणि हळूच विचारलं, "बरं, सांग. काय करायचं याचं?"

तिने लिहिलं की आधी "भूक" नीट करायची, ताईंची भूक चुकते आहे.

ती चुकतच होती. मी वाजवून दाखवली. शुभदाने मान हलवली, आणि मला जे अपेक्षित नव्हतं ते झालं, शेखर म्हणाला, "नाही ताई, ऊ इतका लांब नव्हता. अण्णांचं भूक तुटक होतं. शाळेतून आलो की मी हीच कळ दाबायचो, हिच्या आधी." शुभदा एकदम त्याच्याकडे वळली आणि तिच्या घशातून हसण्याचा आवाज आला. तिला ते आठवत होतं. मी ऊ आखूड केला. दोघांनी एकदमच मान डोलावली. त्या आवाजात वाढलेलं दुसरं माणूस या जगात एकच होतं आणि इतके रविवार आम्ही त्याला सोडून शब्द शोधत होतो.

ती दुपार आम्ही तिघांनी त्या खोक्यापुढे काढली. "दुखतं" वरून बहीणभावात भांडण झालं. तो म्हणे शेवटचा त पूर्ण होता, ती म्हणे अर्धा. मी दोन्ही वाजवून दाखवले आणि तिचा ठेवला, दुखत तिला होतं म्हणून. त्याने ते मान्य केलं. संग्रहालयाचा विषय पुन्हा निघाला नाही. जाताना त्याने त्यांना फोन करून सांगितलं की बहिणीची वस्तू आहे आणि ती वापरात आहे.

पण त्याआधी आणखी एक झालं. तिसऱ्या चिपेत पुरेशी जागा उरली होती. मी शुभदाला विचारलं की नव्या शब्दांत पहिला कुठला. तिने फोनचा आवाज बंद केला आणि पडदा माझ्याकडे फिरवला. त्यावर शब्द होता, पण एकाच अक्षराचा. मी.

अण्णांनी हा शब्द दिलाच नव्हता. लहान पोरीला तिच्या नावानेच बोलवतात आणि तीही स्वतःला नावानेच म्हणते, त्यांनी तेच धरलं असेल. त्यात त्यांची काही चूक नाही. पण आतापर्यंत प्रत्येक शब्दाला मागे एक नमुना होता, तो सापडेपर्यंत मी शोधायची आणि सापडला की थांबायची. या शब्दाला नमुना नव्हता. शेखरने ऐकलेला नव्हता, शुभदाने ऐकलेला नव्हता. इथे मी यंत्र परत जागेवर आणत नव्हते, त्यात नवीन काहीतरी घालत होते. माझा नियम मोडत होते, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नव्हतं.

मी साधा म आणि आखूड ई लावून वाजवला. तिने मान हलवली. ई लांब केला, तरी नाही. म जरा जास्त वेळ ठेवला, ओठ मिटलेले राहावेत तसा, तर ती थांबली, विचारात पडली, आणि बोटाने खूण केली की आणखी. मी म आणखी लांबवला आणि ई स्वच्छ, सरळ ठेवला. शेखर काहीतरी सुचवणार होता, मग गप्प बसला. त्यालाही कळलं असावं की इथे त्याचं काही चालणार नाही.

चिप पुन्हा लिहिली, खिडकीवर दुहेरी पट्टी लावली, कार्ड बसवलं. शुभदाने हात उचलला. तिचं ऐकणारा हातही दमला की कधी ऐकतो, कधी नाही. तिने घाई केली नाही. बोट कळेवर आलं, घसरलं, परत आलं.

"मी," खोकं म्हणालं. नाकातून, खरखरीत, परदेशी माणसासारखं.

तिने लगेच पुन्हा दाबलं नाही. तो आवाज खोलीतून पूर्ण जाऊ दिला.

चहाचा ट्रे घेऊन आमचे हे दाराशी आले होते. आत कुणी नवीन माणूस आलं आहे असं त्यांना वाटलं. ट्रे हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "कोण बोललं?"

शुभदाने कळ दाबली.